मुरलेली रेड वाईन चाखायची कशी: सीमाभागातल्या नवशिक्यांसाठी

जुन्या रेड वाईनबद्दल जाणकारांनी लिहिलेलं काहीही वाचायला घ्या, तेच चार वास पुन्हा पुन्हा भेटतात: सुकवलेलं तंबाखूचं पान, कमावलेलं कातडं, बेदाणा आणि पावसाळी जंगलातला कुजका पालापाचोळा. नवख्या माणसाला यानं दडपण येतं. बेळगाव, निपाणी, अथणी, खानापूर या पट्ट्यात वाढलेल्याला ते यायचं कारण नाही. तंबाखूच्या वखारी निपाणीत आहेत. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याच्या चपला अथणीत बनतात, बेदाण्याच्या शेडही त्याच तालुक्यात आहेत. पालापाचोळ्यासाठी खानापूरच्या पुढे कणकुंबीच्या रानात गेलं की झालं. वाईन कळायला ब्लॅकबेरी आणि चेरी खाल्लेली असावी लागते, असं वाटून आपल्याकडची माणसं लांब राहतात. मुरलेल्या रेडसाठी लागणारे वास आपल्या नाकाला लहानपणापासून ठाऊक आहेत. उरतं ते बाटली निवडणं, सांभाळणं, उघडणं आणि नाकाने ओळखलेलं शब्दांत पकडणं.

बाटली कोणती घ्यायची

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. बहुतेक रेड वाईन मुरवण्यासाठी केलेलीच नसते. दुकानातली स्वस्त रेड घरात पाच वर्षं ठेवली तर ती मुरत नाही, नुसती म्हातारी होते. मुरायला वाईनमध्ये दोन गोष्टी भरपूर लागतात, टॅनिन आणि आंबटपणा. टॅनिन म्हणजे जिभेला कोरडी करणारा तुरटपणा. तो द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून येतो.

आंबटपणाची अडचण आपल्या दख्खनच्या हवेत आहे, आणि द्राक्ष बागायतदारांना ती लगेच कळेल. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वाईनची द्राक्षं तोडणीला येतात जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, म्हणजे उन्हाळा तोंडावर असताना. शेवटच्या आठवड्यांत ऊन चढतं, साखर भराभर भरते आणि आंबटपणा उतरत जातो. युरोपात याच्या उलट घडतं. तिथे द्राक्ष शरद ऋतूत, हवा थंड होत असताना पिकतं. म्हणून नाशिकची साधी रेड तीन-चार वर्षांत प्यावी. पिंपात ठेवलेली, जुन्या वेलींच्या द्राक्षांची चांगली रेड पाच ते आठ वर्षं छान मुरते, आणि नीट सांभाळली तर आणखी पुढे जाते. वीस-तीस वर्षांच्या गोष्टी फ्रान्सच्या बोर्दोच्या आहेत. त्या मोजपट्टीने आपली बाटली मोजू नका.

सुरुवातीला नावं सांगायची तर सुलाची रासा शिराज, यॉर्कची आरोस, फ्रातेलीची सेट्टे आणि ग्रोव्हर झांपाची ला रिझर्व्ह. पहिल्या दोन नाशिकच्या. सेट्टे अकलूजची, सांजोवेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची. ला रिझर्व्ह कॅबर्ने आणि शिराजची. तिची वाइनरी आपल्याच कर्नाटकात, नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी दोड्डबळ्ळापूरला आहे. कोप्पळ जिल्ह्यातल्या क्रस्मा इस्टेटची कॅबर्नेही मुरवण्याजोगी. नवशिक्याला माझी पहिली शिफारस सेट्टेची. सांजोवेसेचा आंबटपणा चांगला टिकतो आणि वयाबरोबर होणारा बदल त्यात स्पष्ट दिसतो.

अथणीची द्राक्षं यात का नाहीत, असं कुणीही विचारेल. राज्याच्या २००७ च्या द्राक्ष प्रक्रिया आणि वाईन धोरणात कृष्णा खोऱ्याला वाईनचा पट्टा म्हणून जागा मिळाली. तरी आपल्याकडची बहुतेक बाग थॉम्पसन आणि तिच्या बहिणींची, म्हणजे पांढऱ्या बिनबियांच्या द्राक्षांची. ती खायला आणि बेदाण्याला उत्तम, पण तिच्यातून रेड वाईन होत नाही. सालीत रंगही नाही आणि पुरेसा टॅनिनही नाही.

लेबलावरचं वर्ष म्हणजे तोडणीचं वर्ष. आपली २०१९ ची वाईन त्या वर्षाच्या जानेवारी-मार्चमधल्या द्राक्षांची असते, फ्रान्सची २०१९ सप्टेंबर-ऑक्टोबरमधली. एकच वर्ष छापलेलं असलं तरी आपली सात-आठ महिन्यांनी मोठी. आणि ‘रिझर्व्ह’ शब्दावर भाळू नका. स्पेनच्या रिओहा भागात ‘रिझर्वा’ लिहायचं तर रेड किमान ३ वर्षं मुरवावी लागते, त्यातलं निदान १ वर्ष लाकडी पिंपात. ‘ग्रान रिझर्वा’ला ५ वर्षं लागतात. आपल्याकडे वाइनरी हे नाव स्वतःच ठरवते. तयार मुरलेली बाटली हवी असेल आणि खिशाला परवडत असेल तर रिओहाची रिझर्वा हा सोपा मार्ग आहे. नाहीतर आपण घेऊन आपणच मुरवायची.

सीमाभागात राहणाऱ्यांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून चोर्ला घाटातून, किंवा कोल्हापुरात दिसली म्हणून कोगनोळीवरून बाटल्या घेऊन येऊ नका. तिन्ही राज्यांचं अबकारी खातं वेगळं, कर वेगळा, आणि परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यातली दारू आणणं अंगाशी येतं. वाईनही त्यातच मोजली जाते. जिथे प्यायची त्याच राज्यात घ्या, पावती जपून ठेवा. वयाची २१ वर्षं पूर्ण झालेली असावीत, हे वेगळं सांगायला नको.

कुठे ठेवायची

दुकानातूनच सुरुवात करा. ज्या दुकानात बाटल्या काचेच्या कपाटात, ट्यूबलाइटखाली, रस्त्याच्या उन्हाकडे तोंड करून उभ्या आहेत तिथून जुनी रेड घेऊ नका. वर्ष जुनं दिसलं म्हणून आनंद होतो, पण तीन उन्हाळे तिथे काढलेली वाईन आतून शिजलेली असते.

घरात वाईनला १२ ते १५ अंशांची स्थिर, अंधारी जागा हवी. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे इथे अथणी-रायबागपेक्षा बरं आहे, तरी एप्रिलमध्ये घरातलं तापमान ३० च्या वर जातंच. कौलारू घरात माळ्यावर बाटली ठेवणं सगळ्यात वाईट. तिथे दुपारी कौलं तापतात आणि रात्री गार होतात, त्या चढ-उताराने बूच ढिलं होतं. जाड दगडी भिंतींच्या जुन्या घरात जिन्याखालची किंवा उत्तरेकडच्या भिंतीलगतची तळमजल्यावरची जागा बघा. फेब्रुवारी ते जून मात्र सरळ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीज फार थंड, मुरणं जवळजवळ थांबतं, पण थांबलेलं परवडतं, शिजलेलं परवडत नाही. वर्षभर ठेवण्याइतका छंद लागला तर छोटा वाईन कूलर घ्या.

बूच असलेली बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. पावसाळ्यात आपल्याकडे लेबलाला बुरशी येते, तिची काळजी करू नका, आतल्या वाईनला काही होत नाही. लेबल वाचता येत राहावं म्हणून त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळा.

चाखण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा. जुन्या रेडमध्ये टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. हा साका कडू लागतो, पण अपायकारक नाही. चोवीस तासांत तो खाली बसतो.

वेळ सकाळी अकराची उत्तम, नाहीतर संध्याकाळी जेवणाआधी. घरात फोडणी चालू असताना, देवघरात उदबत्ती लावल्यावर किंवा अंगाला अत्तर लावून चाखायला बसू नका. लसणाच्या फोडणीपुढे कुठलीच जुनी वाईन टिकत नाही. पान, तंबाखू, वेलदोडा, टूथपेस्ट यांच्यानंतर निदान तास जाऊ द्या.

तापमान १६ ते १८ अंश. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम थंड देशांतल्या खोल्यांचा आहे, आपल्या एप्रिलमधल्या खोलीत तो लागू नाही. बाहेर ठेवलेली बाटली तासभर फ्रीजमध्ये उभी ठेवून काढा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फाने बाटली नीट गार होत नाही.

ग्लास पातळ काचेचा, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही आणि वास उडून जातो. ग्लास साबणाने धुतला असेल तर गरम पाण्याने पुन्हा खळबळा. कपाटात बंद राहिलेल्या ग्लासाला लाकडाचा वास लागतो, तो आधी हुंगून बघा.

उघडणं आणि ओतणं

जुनं बूच ठिसूळ होतं. साध्या स्क्रूने ओढलं की मधोमध तुटतं. दोन टप्प्यांचा वेटर वापरतात तो ओपनर घ्या, स्क्रू पूर्ण खोल जाऊ द्या आणि हळूहळू, न हिसकता वर काढा. तुकडा आत पडलाच तर धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं सुगंधी पावडरीत धुतलेलं नको.

आता साका वेगळा करायचा. काचेचा स्वच्छ जग घ्या. मोबाईलचा टॉर्च लावून टेबलावर असा ठेवा की उजेड बाटलीच्या गळ्यातून वर येईल. बाटली एकदाच तिरकी करा आणि न थांबता, बारीक धारेने ओतत राहा. सुरुवातीला गळ्यात लालसर स्वच्छ उजेड दिसतो. बाटली तीन-चतुर्थांश रिकामी झाली की खांद्याजवळ धुरासारखी बारीक रेघ सरकायला लागते, मग कॉफीच्या चोथ्यासारखे कण. रेघ गळ्यापाशी आली की हात थांबवा. एक-दोन घोट वाईन बाटलीत राहील, राहू द्या. मध्ये बाटली सरळ केलीत तर साका ढवळतो आणि चोवीस तासांची वाट बघणं फुकट जातं.

तरुण, कडक रेडला तास-दोन तास हवा देतात. जुनीला ते करू नका. सात-आठ वर्षांच्या दख्खनी रेडला जगमध्ये १५-२० मिनिटं भरपूर झाली. तिचे नाजूक वास पहिल्या अर्ध्या तासातच असतात.

बघणं

ग्लासात साधारण ६० मिली घ्या. ७५० मिलीच्या बाटलीत बारा जणांचं चाखणं होतं, त्यामुळे चार-पाच मित्रांनी मिळून एक चांगली बाटली घेतली तर कुणालाच जड जात नाही. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि मध्याचा नव्हे, कडेचा रंग बघा. तरुण रेडची कड जांभळट असते. मग ती माणकासारखी लाल, पुढे विटकरी, शेवटी तपकिरी होते. विटकरी कड म्हणजे वाईन छान मुरली. पूर्ण तपकिरी, मळकट रंग आणि वय चारच वर्षं असेल तर उष्णतेने घात केलाय, असं समजून पुढे चला.

हुंगणं

इथे घाई करू नका. मुरलेल्या रेडचा खरा आनंद नाकात आहे, जिभेवर त्याच्या निम्मा. आधी ग्लास न हलवता हुंगा, कारण सगळ्यात हलके वास तेव्हाच मिळतात. मग ग्लास टेबलावरच ठेवून गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. लांब श्वास नको, लहान-लहान दोन-तीन. मध्ये नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या.

सरावासाठी आधी आपल्याच भागातले मूळ वास ताजे करून घ्या. निपाणीत कुणाच्या ओळखीने तंबाखूच्या वखारीत जाता आलं तर जरूर जा. बिडीतल्या जळणाऱ्या तंबाखूचा वास यात येत नाही. सुकलेल्या पानाचा, किंचित गोडसर, गवताळ, नाकात चुणचुणणारा वास येतो. मुरलेल्या कॅबर्नेत हा हमखास सापडतो. नवी अथणी चप्पल नाकाशी धरा, हिरडा-बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा गोडा-तुरट वास लक्षात ठेवा. बाजारातल्या रसायनात कमावलेल्या बुटांचा वास निराळा, त्यावर सराव करू नका. जुन्या शिराजमध्ये हा कातड्याचा वास ठळक असतो. आणि जून संपताना खानापूरच्या पुढे रस्त्याकडेला अळंबी विकायला येतात तेव्हा टोपलीवर वाकून वास घ्या. माती, ओलं लाकूड, कुजलेली पानं, सगळं त्यात आहे. रेड नीट मुरली की हा वास येतो, आणि माझ्या मते वाईनमधला सगळ्यात सुंदर वास हाच.

बेदाण्याबद्दल जरा सविस्तर. अथणीकडचे एक बागायतदार आमच्यात चाखायला बसले होते, वाईन आयुष्यात पहिल्यांदाच. आम्ही बाकीचे ‘सुकं फळ, सुकं फळ’ एवढंच म्हणत होतो. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, “हे आमच्या शेडातलं धाव्या दिवसाचं द्राक्ष हाय बघा. अजून पुरतं वाळल्यालं न्हाई.” जाळीच्या रॅकवर द्राक्ष पंधरवडाभर सुकतं, तेव्हा त्याचा वास रोज बदलतो, आणि त्या माणसाच्या नाकात तो सगळा पंधरवडा होता. इतकं नेमकं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. तुमच्या कामधंद्यातला, घरातला जो वास आठवेल तो बिनधास्त बोला. गुऱ्हाळातली काकवी, शेणाने सारवलेली जमीन, ट्रंकेतली जुनी पैठणी, काहीही.

त्याच वासात एक धोकाही आहे. सुकं फळ चांगलं, शिजलेलं फळ वाईट. उष्णतेने बिघडलेल्या वाईनला उकळून आटवलेल्या जॅमचा वास येतो, आणि तेवढाच येतो, त्याच्या मागे दुसरं काही नसतं. अशा बाटलीचं बूच थोडं वर सरकलेलं किंवा झाकणाखाली चिकट ओघळ असतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त बाटल्या याच कारणाने जातात. दुसरा दोष बुचाचा: पावसाळ्यात ओल लागलेल्या पोत्याचा, पुठ्ठ्याचा वास. हवा दिल्याने तो वाढतो, जात नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश नाकात गेलं तर बाटली बाजूला ठेवा. काडी पेटवल्यासारखा वास आला तर मात्र दहा मिनिटं थांबा, तो बहुधा उडून जातो.

चाखणं

लहान घोट घ्या, जिभेवर पसरवा, ओठ किंचित उघडून त्यातून थोडी हवा आत ओढा. आवाज होतो, होऊ द्या. पहिल्यांदा आंबटपणा बघा: जिभेच्या कडांना पाणी सुटतं का? सुटत असेल तर वाईनमध्ये अजून जीव आहे. मग टॅनिन. हिरड्यातला टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरतो म्हणून कातडं कमावलं जातं. वाईनमधला टॅनिन लाळेतल्या प्रथिनाला धरतो म्हणून तोंड कोरडं पडतं. मुरताना हे टॅनिन एकमेकांना जोडले जातात आणि तुरटपणा मऊ होतो. ओळखायला शिकायचं असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी हिरड्याची चिमूटभर पूड जिभेवर ठेवा, मग टॅनिन म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागणार नाही.

घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ राहते ते मनात मोजा. पाच सेकंदांत गेली तर वाईन साधी किंवा संपलेली. पंधरा-वीस सेकंद राहिली तर उत्तम. चार-पाच बाटल्या चाखायच्या असतील तर थुंकायला एक तांब्या शेजारी ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, व्यावसायिक चाखणारे सगळे थुंकतात. गाडी चालवून जायचं असेल त्याने तर थुंकावंच, आणि तरीही परतताना गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी.

सोबत काय खायचं

तांबडा रस्सा नको. तिखटाने टॅनिन आणखी कडू लागतो आणि मुरलेल्या वाईनचे बारीक वास दबून जातात. तुपात परतलेली खानापूरची अळंबी, वर फक्त मीठ आणि मिरपूड, याहून चांगली जोडी मला माहीत नाही. कमी तिखटाचं सुकं मटण आणि ज्वारीची भाकरी चालते, मिरची न घातलेलं भाजलेल्या वांग्याचं भरीतही. बेळगावचा कुंदा सगळं झाल्यावर. गोड खाल्ल्यावर वाईनचा घोट आंबटढाण लागतो.

पुढचा टप्पा

खरं शिकायचं तर एकाच वाईनच्या, एकाच वर्षाच्या तीन बाटल्या एकदम घ्या. एक लगेच उघडा, दुसरी दोन वर्षांनी, तिसरी चार वर्षांनी. प्रत्येक वेळी वहीत तारीख, कडेचा रंग, पहिला वास, वीस मिनिटांनंतरचा वास आणि चव किती टिकली एवढं लिहा. आठवणीवर विसंबू नका, वास आठवणीत टिकत नाही. दुसरी बाटली पहिलीपेक्षा उणी वाटली तर तिसरीची वाट न बघता त्याच महिन्यात उघडून संपवा. चांगली वाटली तरी तिसरीला चार वर्षांच्या पुढे ढकलू नका. दख्खनच्या रेडबाबत थोडं लवकर उघडणं परवडतं.

उघडलेली मुरलेली बाटली दुसऱ्या दिवसावर टाकायची नाही. उरलीच तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मटणाच्या रश्श्यात किंवा अळंबीत घाला. साक्याचा तळ मात्र त्यात ओतू नका, रस्सा कडू होतो.